सुशी खायला बाहेर जाताना: बुकिंगपासून शेवटच्या चहापर्यंत

पहिल्यांदा सुशी खायला गेलो तेव्हा आम्ही सहा जण होतो आणि सहाही जणांना सगळंच चाखायचं होतं. मेन्यू हातात पडताच अकरा पदार्थ एका दमात सांगून टाकले. अर्ध्या तासाने टेबलावर एक लाकडी होडी आली, तिच्या पोटातून कोरड्या बर्फाचा धूर निघत होता. मग फोटो. आधी होडीचे, मग होडीसोबत आपले, मग कुणाचे तरी डोळे मिटले म्हणून परत एकदा. खायला सुरुवात केली तोवर नोरी, म्हणजे सुशीभोवतीचा समुद्री शेवाळाचा कागद, ओल्या पुठ्ठ्यासारखी चिवट झालेली, भात थंड आणि कडक, माशाच्या कडा सुकून वर वळलेल्या. त्यातच एकाने कोपऱ्यातला हिरवा गोळा अव्होकाडो समजून अख्खा तोंडात टाकला आणि त्याला ब्रह्मांड आठवलं. बिल आल्यावर उरलेल्या पाच जणांनाही आठवलं.

पुढे कधीतरी दुसऱ्या एका ठिकाणी टेबल रिकामं नव्हतं म्हणून मला काउंटरवर बसवलं. समोरच्या माणसाने एक निगिरी, म्हणजे भाताचा छोटा गोळा आणि वर माशाचा काप, ठेवली आणि हातानेच ‘लगेच’ अशी खूण केली. भात कोमट होता, वरचा मासा गार. तोंडात भात मोकळा झाला आणि त्याच क्षणी मासाही विरघळला. तेव्हा कळलं, की पहिल्या वेळी आम्ही सुशी खाल्लीच नव्हती, तिचं पार्थिव खाल्लं होतं.

निगिरीचं आयुष्य अर्ध्या मिनिटाचं. ताणलं तर एका मिनिटाचं. कुठे बसायचं, किती मागवायचं, सॉस किती घ्यायचा, फोन कधी खिशात ठेवायचा, ही सगळी उत्तरं तिथूनच निघतात. झगमगत्या, नव्याने गाजणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये हे जास्तच लक्षात ठेवावं लागतं, कारण तिथली प्रत्येक गोष्ट तुम्हाला थोडं थांबून बघायला लावते.

आधी शब्दांशी ओळख

सुशी म्हणजे कच्चा मासा, हा सगळ्यात मोठा गैरसमज. सुशी म्हणजे व्हिनेगर, मीठ आणि साखर लावलेला भात, आणि त्याच्यासोबत आणखी काहीतरी. त्या काहीतरीमध्ये कच्चा मासा असेल, शिजवलेली कोळंबी असेल, अंड्याचा गोडसर थर असेल किंवा नुसती काकडी. भाताशिवाय नुसते माशाचे काप आले तर ती साशिमी, सुशी नव्हे.

सुशीवाल्यांच्या भाषेत खालच्या भाताला ‘शारी’ म्हणतात आणि वरच्या तुकड्याला चक्क ‘नेता’. इथेही नेता वर मिरवतो आणि सगळा भार खालचा भात वाहतो. हा विनोद मी दर वेळी करतो, माझ्यासोबत येणारे आता हसत नाहीत. पण त्यात तथ्य आहे: मासा चांगला विकत आणता येतो, भात मात्र रोज हातानेच जमवावा लागतो. म्हणून जागा पारखताना आधी भात बघा.

प्रकार थोडक्यात असे. निगिरी म्हणजे हाताने दाबलेला भाताचा लांबट गोळा आणि वर नेता. माकी म्हणजे नोरीत गुंडाळून कापलेला रोल. उरामाकीत भात बाहेर आणि नोरी आत. तेमाकी म्हणजे हातात धरून खायचा कोन. गुंकान म्हणजे भाताभोवती नोरीची उभी भिंत आणि वर माशाची अंडी किंवा उनी, म्हणजे समुद्री अर्चिनचा मऊ गर, असं काहीतरी निसटणारं. गुंकान या शब्दाचा अर्थच युद्धनौका. आकार बघितला की पटतं. हा प्रकार तसा अलीकडचा, 1941 मध्ये तोक्योच्या गिन्झा भागातल्या क्युबेई या दुकानात सुरू झालेला.

निगिरीसुद्धा फार प्राचीन नाही. त्याआधी शतकानुशतकं जी सुशी होती ती मासा टिकवण्याची युक्ती होती: खारवलेला मासा भातात दाबून महिनोन्महिने आंबवायचा, मग मासा खायचा आणि भात टाकून द्यायचा. बिवा सरोवराच्या परिसरात फुनाझुशी या नावाने तो प्रकार आजही टिकून आहे. वास असा, की शेजारच्या खोलीतही लपत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, ताजा भात हाताने दाबून वर खाडीतला मासा ठेवायची पद्धत रुळली. तिचं श्रेय बहुतेक वेळा हानाया योहेई या विक्रेत्याला देतात. ते रस्त्यावरच्या गाड्यांवरचं खाणं होतं, उभ्या उभ्या, हाताने, घाईघाईत. आज आपण ज्याच्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालून जातो त्याचा जन्म असा झाला. तेव्हा काट्या, म्हणजे चॉपस्टिक्स, धरता येत नाहीत म्हणून लाजायचं काहीच कारण नाही.

जागा कशी निवडायची

सुशीच्या जागा साधारण तीन जातींच्या. पहिली फिरत्या पट्ट्याची, म्हणजे काइतेन. योशिआकी शिराइशी यांनी बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहिल्या आणि त्यातून सुचलेलं पहिलं दुकान 1958 मध्ये ओसाकाजवळ उघडलं. पट्ट्याचा वेग त्यांनी सेकंदाला 8 सेंटीमीटर असा ठरवला होता. ताटलीच्या रंगावरून किंमत कळते, पाहिजे ते उचलता येतं, नवख्याला उत्तम. फक्त किती वेळ फिरतेय ते माहीत नसलेली ताटली उचलू नका. हल्ली बहुतेक ठिकाणी स्क्रीनवरून ताजी मागवता येते, तीच मागवा.

दुसरी जात ओमाकासे काउंटरची. ओमाकासे म्हणजे ‘तुमच्यावर सोपवलं’. आठ-दहा खुर्च्या, ठरलेली वेळ, शेफ देईल ते, देईल त्या क्रमाने. उत्तम अनुभव, पण पहिल्याच वेळी इथे जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याला काय आवडतं हेच ठाऊक नसताना पंधरा-वीस घासांचे पैसे मोजणं म्हणजे पोहायला शिकण्याआधी समुद्रात उडी.

तिसरी जात म्हणजे आपला आजचा विषय: मंद दिवे, मोठं संगीत, लांबलचक मेन्यू आणि प्रत्येक टेबलावर वर धरलेले फोन. अशा जागांना नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. यातल्या काही ठिकाणी खरोखर चांगली सुशी मिळते, फक्त ती मेन्यूच्या कोणत्या पानावर दडली आहे ते शोधावं लागतं.

जाण्याआधी घरबसल्या चार गोष्टी बघता येतात. निगिरी एक-एक किंवा दोन-दोन मागवता येते का? येत असेल तर त्या जागेला आपल्या भातावर भरवसा आहे. आज कोणता मासा आला आहे हे कुठे लिहितात का? काउंटरवर बसायची सोय आहे का? आणि लोकांनी टाकलेल्या फोटोंमध्ये धूर आणि फुलं सोडून भाताकडे बघा. दाणे सुटे दिसतात, की सगळं लगद्यासारखं एकजीव झालंय? भाताला किंचित तपकिरी छटा असेल तर घाबरू नका. साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, गाळल्यावर उरलेल्या चोथ्यापासून बनणारं जुनं लाल व्हिनेगर वापरलं की भाताला असा रंग येतो, आणि ते वापरणारे बहुधा भाताबद्दल हळवे असतात.

‘सुशी ग्रेड’ या शब्दांवर मात्र भाळू नका. अमेरिकेत, जिथे ही पाटी सर्रास दिसते, तिला कायद्यात कसलीही व्याख्या नाही. खरी सुरक्षितता गोठवण्यात आहे. समुद्री माशांत अनिसाकिस नावाचा कृमी असू शकतो, आणि तो मारण्यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार मासा उणे 20 अंश सेल्सिअसला 7 दिवस ठेवावा लागतो, किंवा उणे 35 अंशांना पूर्ण गोठवून त्याच तापमानाला 15 तास. त्यामुळे ‘आमचा मासा कधीच फ्रीजरमध्ये जात नाही’ ही फुशारकी ऐकून मी तरी सावध होतो. लांबच्या समुद्रात पकडलेला ट्यूना तर बोटीवरच उणे 60 अंशांच्या आसपास गोठवतात आणि तो उत्तम लागतो.

बुकिंग करताना

गर्दीच्या रात्री टेबल मिळवण्यात प्रतिष्ठा असेल, पण सुशीसाठी आठवड्याच्या मधला दिवस आणि संध्याकाळची पहिली वेळ सगळ्यात बरी. भात नुकताच तयार झालेला असतो, शेफचे हात मोकळे असतात आणि ताटली काउंटरवर तुमच्या वेटरची वाट बघत बसत नाही.

दोघं असाल तर काउंटर मागा. चारच्या वर माणसं असतील तर टेबलच घ्यावं लागेल, मग काउंटरच्या जवळचं मागा. तिथून काय बनतंय ते दिसतं आणि ताटली दोन पावलांत पोचते.

ॲलर्जी असेल तर ती बुकिंगच्या वेळीच सांगा, ताटली आल्यावर नको. सुशीत कवचवाले मासे, तीळ, सोया, गहू आणि अंडं या पाचही गोष्टी न सांगता असू शकतात. गहू कुठून आला, असं वाटेल. नेहमीच्या सोया सॉसमध्ये तो असतो. ‘तामारी’ नावाचा सॉस बहुतेक वेळा गव्हाशिवाय बनतो, पण बाटली बघूनच खात्री करा.

ओमाकासे असेल तर वेळेवर पोचणं ही सभ्यतेच्या पलीकडची गोष्ट आहे. सगळ्यांचा पहिला घास एकदम सुरू होतो आणि तुमच्यासाठीचा मासा मोजून आणलेला असतो. म्हणूनच अशा जागा आधी पैसे घेतात किंवा ऐनवेळी रद्द केल्यास दंड लावतात. आणि त्या दिवशी अत्तर, परफ्यूम लावू नका. आठ माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली असताना एकाच्या मनगटावरचा वास सगळ्यांच्या माशात उतरतो.

बसल्यावरची पहिली दहा मिनिटं

ओला गुंडाळलेला टॉवेल येईल, त्याला ओशिबोरी म्हणतात. तो हातांसाठी आहे; तोंड आणि मान पुसू नका. घडी करून बाजूला ठेवा, निगिरी हाताने खाणार असाल तर मध्ये मध्ये बोटं पुसायला लागेल.

काट्या लाकडाच्या असतील तर त्या एकमेकींवर घासू नका. कुसळं झाडण्यासाठी तसं करतात, पण यजमानाला त्याचा अर्थ ‘तुमच्या काट्या हलक्या आहेत’ असा लागतो. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा: भातात काट्या उभ्या खोचून ठेवणं, आणि एकाच्या काट्यांतून दुसऱ्याच्या काट्यांत घास देणं. पहिली जपानमध्ये मृताला भात ठेवण्याची पद्धत आहे, दुसरी दहनानंतर अस्थी उचलण्याची. कुणाला काही द्यायचं असेल तर त्याच्या ताटलीत ठेवा.

सोया सॉसची वाटी तळ जेमतेम झाकेल इतकीच भरा. संपला तर पुन्हा ओतता येतो.

आणि मेन्यू उघडण्याआधी वेटरला विचारा, “आज काय चांगलं आलंय?” प्रश्न साधाच आहे, पण उत्तरातून पुष्कळ कळतं. “सगळंच चांगलं आहे” असं आलं तर समजा, की विकायचं काम चालू आहे. “थांबा, विचारून येतो” असं आलं तर चांगलं. एखाद्या माशाचं नाव आणि तो कसा दिलाय हेही आलं, तर तुम्ही बरोबर जागी बसला आहात.

मेन्यू वाचण्याची कला

खरी मजा आणि खरी फसगत इथेच. अशा मेन्यूत निम्मी पानं ‘सिग्नेचर रोल’नी भरलेली असतात. ड्रॅगन, ज्वालामुखी, इंद्रधनुष्य, कधी कुठल्या शहराचं नाव. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं यातल्या बऱ्याच रोलचं असतं. नावाखालची बारीक अक्षरं वाचा आणि मोजा: तळलेलं किती, मेयोनेज किती, गोड सॉस किती, क्रीम चीज आहे का. तीन किंवा जास्त गोष्टी यातल्या असतील तर आत कोणता मासा आहे याने काही फरक पडत नाही, कारण तो तुम्हाला लागणारच नाही. मग महागड्या माशाचे पैसे कशाला द्यायचे?

‘स्पायसी ट्यूना’ हे याचं नमुनेदार उदाहरण. निगिरीसाठी नीट काप काढल्यावर उरलेलं, शिरांजवळचं मांस खरवडून किंवा बारीक चिरून तिखट मेयोनेजमध्ये कालवतात. काही वाया जात नाही, यात गैर काहीच नाही, चवही छान असते. पण तो शेफचा सर्वोत्तम ट्यूना आहे या समजुतीत राहू नका.

रोल म्हणजे कमअस्सल असंही मी म्हणणार नाही. कॅलिफोर्निया रोल नेमका कुणी शोधला यावर लॉस एंजेलिस आणि व्हँकुव्हर या दोन्ही शहरांतले लोक हक्क सांगतात, पण नोरी आत लपवून भात बाहेर आणण्याच्या त्या युक्तीमुळेच नोरीला बिचकणाऱ्या लाखो लोकांनी पहिला घास घेतला. आज सुशीचा चेहरा झालेला सामनही असाच पाहुणा. पॅसिफिकच्या सामनमध्ये कृमी असतात म्हणून जपानी लोक तो कच्चा खात नसत. 1980 च्या दशकात नॉर्वेने आपला पाळलेला अटलांटिक सामन जपानमध्ये चिकाटीने खपवला, तेव्हा कुठे तो सुशीवर चढला. त्यामुळे ‘अस्सल’ या शब्दावरून वाद घालणाऱ्याला एक सामन निगिरी द्या आणि गप्प करा.

मेन्यूतल्या तीन शब्दांवर थांबून प्रश्न विचारा. ‘क्रॅब स्टिक’ किंवा ‘कानीकामा’ म्हणजे खेकडा नव्हे. पांढऱ्या माशाचा लगदा रंगवून, वास देऊन बनवलेली कांडी, त्यात अंडं आणि गहूही असू शकतो. ‘व्हाइट ट्यूना’ कधी कधी अल्बाकोर, म्हणजे ट्यूनाचीच एक जात, असतो आणि कधी कधी एस्कोलार नावाचा मासा. एस्कोलारमधली मेणासारखी चरबी माणसाला पचत नाही. जास्त खाल्ला तर दुसऱ्या दिवशी पोटाची जी फजिती होते तिचं वर्णन खाण्याच्या लेखात नको. जपानमध्ये त्याच्या विक्रीवर बंदी आहे. आणि ‘वसाबी’: बहुतेक ठिकाणी मिळतो तो हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग यांचा गोळा. खरा वसाबी म्हणजे एक तिखट कंद, तो किसणीवर त्याच वेळी किसावा लागतो आणि पंधरा-वीस मिनिटांत त्याची धार जाते. किसलेला वसाबी किंचित दाणेदार, फिकट हिरवा आणि वासाला गोडसर असतो. तो दिसला तर ते घर पैसे खर्च करायला कचरत नाही, असं समजायला हरकत नाही.

शाकाहारींसाठी काकडीचा काप्पा माकी, मुरलेल्या मुळ्याचा रोल, अव्होकाडो, शिताके मशरूम, गोडसर तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरलेली इनारी असे पर्याय असतात. पण ‘यात मासा नाही ना’ एवढं विचारून भागत नाही. ‘यात दाशी आहे का’ असं विचारा. दाशी म्हणजे समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांचा अर्क, आणि तो मिसो सूपमध्ये, इनारीच्या टोफूत, मशरूम शिजवताना, अंड्याच्या थरात असा कुठेही असतो. वेटरला तो मासा वाटतच नाही, त्यामुळे उत्तर प्रामाणिकपणे चुकीचं येतं.

मागवायचं कसं

एकदम सगळं सांगू नका. होडी आठवा. दोन-तीन पदार्थांच्या फेऱ्या करा, पहिली संपत आली की दुसरी सांगा. वेटरला सुरुवातीलाच सांगून ठेवा, “आम्ही थोडं थोडं मागवणार आहोत.” काही ठिकाणी नाराजी दिसते, दिसू द्या.

पहिली फेरी परीक्षेची: एक पांढरा मासा, एक तामागो म्हणजे अंड्याची निगिरी. पांढऱ्या माशाची चव सौम्य असते, त्यामुळे भाताचं काय ते लगेच कळतं. भात फ्रीजसारखा गार लागला, किंवा चावल्यावर गोळा तसाच राहिला, तर निगिरी तिथेच थांबवा आणि उरलेलं जेवण तळलेले पदार्थ आणि रोलवर निभावून न्या. त्या रोलच्या सॉसखाली भाताचे दोष झाकले जातात. भात अंगाच्या उष्णतेइतका कोमट आणि सुटा लागला तर खुशाल निगिरीकडे वळा.

क्रम हलक्याकडून जडाकडे. आधी ताई किंवा हिरामे असे पांढरे मासे, मग स्कॅलॉप, झिंगा. मग आजी, साबा, कोहादा या नावांचे चकचकीत कातडीचे मासे; हे बहुधा मीठ-व्हिनेगरमध्ये मुरवलेले असतात आणि शेफचा हात त्यांच्यातच दिसतो. मग ट्यूना, त्यातही आधी लाल आकामी, मग चुतोरो, मग पोटाकडचा सगळ्यात तेलकट ओतोरो. एकदा ओतोरो जिभेवर पसरला की नंतरचा पांढरा मासा पाण्यासारखा लागतो, म्हणून हा क्रम. शेवटी गोडसर सॉस लावलेला आनागो किंवा उनागी या ईलच्या जाती आणि एखादा साधा रोल.

कच्च्याची धास्ती वाटत असेल तर शिजवलेल्यापासून सुरू करा: एबी म्हणजे उकडलेली कोळंबी, उनागी, तामागो. मग आबुरी, म्हणजे वरून ज्योतीने शेकलेला सामन. तिथून कच्च्यापर्यंतचं अंतर फारसं उरत नाही.

किती मागवायचं? भूक लागलेल्या माणसाला दहा-बारा निगिरी आणि एखादा रोल पुरतो. आठ तुकड्यांचा जाड रोल दिसतो त्यापेक्षा बराच जड असतो, सगळा भातच तो.

घास

हे सावकाश वाचा, कारण करायला दोनच सेकंद लागतात.

निगिरी दोन बाजूंनी अंगठा आणि मधल्या बोटात धरा, तर्जनी माशावर हलकी टेकवा. दाबू नका, चांगल्या निगिरीत दाण्यांमध्ये हवा असते आणि ती जिभेवर सुटावी म्हणूनच भात सैल दाबलेला असतो. आता मनगट वळवा, म्हणजे मासा खाली येईल. माशाची कड सॉसला नुसती लावा. भात बुडवला तर तो स्पंजासारखा सॉस पितो, खारट होतो आणि वाटीतच फुटतो. मग वाटीत तरंगणारे दाणे काट्यांनी वेचत बसावं लागतं, आणि ते शेजारच्या टेबलाला दिसतं.

अख्खी निगिरी एका घासात, शक्य झाल्यास मासा जिभेकडे. फार मोठी असेल तर काउंटरवर “भात थोडा कमी” असं सांगता येतं, त्यात कमीपणा नाही. अर्धी तोडून उरलेली ताटलीत ठेवलीत तर ती ढासळतेच.

माशावर ओला चकाकणारा थर दिसला तर शेफने सॉस आधीच ब्रशने लावला आहे. वाटीकडे हात नेऊ नका. लिंबू पिळलेलं, मिठाचे खडे ठेवलेलं, ईलचा गोड सॉस लावलेलं, सगळं तसंच खायचं. गुंकान उलटा केला तर वरचं सांडतं, म्हणून गारीचा, म्हणजे लोणच्याच्या आल्याचा, एक काप सॉसमध्ये बुडवून त्याने वरून दोन थेंब लावा.

गारीचा खरा उपयोग दोन घासांच्या मध्ये जीभ साफ करण्याचा. सुशीवर ठेवून खायची नाही. तिचा आंबट-तिखटपणा सगळ्या माशांना एकाच चवीचा करतो.

वसाबी सॉसमध्ये कालवून हिरवट चिखल करण्याची सवय सगळीकडे दिसते. साध्या जागी कुणी काही म्हणत नाही, जपानमध्येही लोक करतात. पण निगिरीत मासा आणि भात यांच्यामध्ये शेफने आधीच वसाबी लावलेला असतो, तेव्हा आधी एक घास तसाच खाऊन बघा. साशिमी असेल तर वसाबी थेट माशावर ठेवा आणि दुसरी बाजू सॉसला लावा. जास्त झालाच तर घाबरू नका. मिरचीसारखा तो जिभेवर रेंगाळत नाही, नाकात चढतो आणि काही क्षणांत उतरतो. ते क्षण मात्र लांब असतात.

तेमाकी हातात आला की बोलणं थांबवा. नोरी कुरकुरीत असेपर्यंतच त्याला अर्थ आहे. टोकापर्यंत सलग खा, खाली ठेवू नका.

फोटो? काढा. मीही काढतो. एक, उभ्या उभ्या, फ्लॅशशिवाय. काउंटरवर आधी विचारा, आणि शेफचा चेहरा फ्रेममध्ये येत असेल तर नक्की विचारा.

काउंटरवर बसलात तर

शेफशी बोला, पण त्याचे हात चालू असताना लांब गोष्टी सुरू करू नका. “हा कोणता मासा?”, “मुरवलाय का?” एवढं पुष्कळ. मासा नेहमी ताजा कापलेलाच असतो असं नाही; काही मासे मुद्दाम काही दिवस मुरवतात, काही कोंबू शेवाळात गुंडाळून ठेवतात, आकामी सोया सॉसमध्ये बुडवून त्याचा झुके करतात. ‘ताजा आहे ना?’ या प्रश्नाने म्हणूनच काही शेफ दुखावतात. त्यापेक्षा “याला काय केलंय?” विचारा, चेहरा खुलतो.

सुशीवाल्यांचे खास शब्द शिकून मिरवू नका. सोयाला ‘मुरासाकी’, चहाला ‘आगारी’, बिलाला ‘ओआइसो’ हे त्यांचे आपसातले शब्द आहेत. पाहुण्याने साधं बिल मागावं. निघताना ‘गोचिसोसामा’ म्हटलं तर मात्र कुणालाही आवडतं. पोटभर छान जेवलो, अशा अर्थाचा तो निरोप आहे.

पिण्याचं

गरम हिरवा चहा सगळ्यात चांगला, तो तोंडातलं माशाचं तेल धुऊन काढतो. साके घ्यायची तर सौम्य, कोरडी घ्या आणि बिअर गार असेपर्यंत संपवा. गोड कॉकटेल सुशी संपल्यावर.

खटकलं तर

चांगल्या माशाला समुद्राचा वास असतो, मासळीचा दर्प नसतो. माशाचा तुकडा कोमट, चिकट किंवा आंबूस लागला तर गिळू नका. रुमालात काढा, वेटरला बोलवा आणि आवाज न चढवता सांगा, “हा तुकडा मला बरोबर वाटत नाहीये, बदलून द्याल का?” चांगली जागा वाद घालत नाही. घातलाच तर पुढचं कच्चं काही मागवू नका.

गरोदर असाल, किंवा आजारामुळे वा औषधांमुळे प्रतिकारशक्ती कमी असेल, तर कच्च्याबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. शिजवलेल्या सुशीवरही चांगलं जेवण होतं. मोठ्या ट्यूनामध्ये पाऱ्याचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे गरोदरपणात आणि लहान मुलांसाठी तो टाळलेलाच बरा.

बिल आणि उरलेलं

बिलात सेवाशुल्क आधीच धरलंय का ते बघा, मग टिपचं ठरवा. जपानमध्ये टिप देण्याची रीत नाही. दुसरीकडे तिथला रिवाज असेल तसं. ओमाकासेमध्ये ठरल्यापेक्षा जास्त मागवलेल्या घासांचे पैसे वेगळे लागतात, आणि शेवटी “अजून काही?” असं प्रेमाने विचारतात तेव्हा हे विसरायला होतं.

उरलेले रोल बांधून घ्यायचा मोह होईल. कच्च्या माशाचे असतील तर सोडून द्या. काकडीचे, अव्होकाडोचे, तळलेल्याचे घेतलेत तर त्याच रात्री संपवा, कारण फ्रीजमध्ये ठेवलेला सुशीचा भात सकाळपर्यंत खड्यासारखा होतो आणि गरम करावा तर आतली काकडी शिजते. निगिरी उरलीच असेल तर डबा मागवू नका. टेबलावर नजर फिरवा, कुणाच्या पोटात जागा आहे ते बघा आणि त्याच्या ताटलीत ठेवा. काट्यांतून काट्यांत नको.